यादीतलं नाव

लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत, एका इंटरनेट कॅफेच्या माडीवर मी काही वर्षं बसायचे. भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांतल्या पोरींना ऑनलाइन शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या शोधून देणं, हे माझं काम. नांदेडहून आलेली मी, कॉम्प्युटर येतो म्हणून जरा तोऱ्यातच असायचे. आता ते दिवस आठवले की सगळं दुपारच्या झोपेत पाहिल्यासारखं वाटतं. पंख्याची घरघर, कॉम्प्युटरचा निळसर पडदा, खालच्या वर्गातून येणारा गणिताचा सूर.

त्यातच ती मुलगी. नर्सिंगला नंबर लागला होता, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच जाता येणार होतं. जुन्या गावातलं घर तिला लख्ख आठवायचं. दारातला लिंब, रांजणाचं गार पाणी, माळवदावर वाळत घातलेल्या मिरच्या. सांगताना ती डोळे मिटायची आणि मीही कामधाम सोडून ऐकत राहायचे. तिचा जन्म भूकंपानंतरचा आहे, हे अर्जात तारीख भरतानाही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

भूकंपग्रस्त कुटुंबाचा पुरावा म्हणून मी गावची भूकंपग्रस्तांची जुनी यादी जोडली, न वाचताच. आठवड्याने अर्ज परत आला. शेरा होता, अर्जदार मयत. मी फोनवर तावातावाने भांडले आणि मग यादी उघडली. मृतांमध्ये तिचंच नाव होतं, वय चार वर्षं.

तिच्या आईला बोलावलं. तिने भिंतीकडे बघत सांगितलं की थोरली ढिगाऱ्यात गेली, वर्षाने ही झाली, तीच परत आली म्हणून तेच नाव ठेवलं. थोरलीच्या गोष्टीही हिच्याच म्हणून ती सांगत आली होती. मुलगी शेजारीच बसलेली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला माझ्या घाईची भयंकर लाज वाटली.

दोघी वेगळ्या असल्याचं आईने लिहून द्यायला हवं होतं आणि मुदतीचा शेवटचा दिवस होता. आई कागदाला हात लावेना. राहू द्या मॅडम, असं मुलगीच म्हणाली आणि उठली. तेव्हा आईने तिचा हात धरला.

"लिवा. थोरली गेली. ही धाकटी हाय."

मी लिहिलं, आईने अंगठा दिला.

"आई, घरी गेलं की आपण दोघी ताईच्या नावानं आंघोळ करू," मुलगी म्हणाली.