धुलाईखोलीतला लाल चौकोन

धुलाईखोलीच्या भिंतीवरच्या, बोटाने दाबायच्या संगणकी पडद्यावर मी एक चिठ्ठी चिकटवली आणि त्सुमश्टाइनबाईंचा कपडे धुवायचा वार गेला.

हेतू चांगलाच होता. 'वार घ्यायचा असेल तर निळा गोल दाबा' एवढंच लिहिलं होतं. चिठ्ठी नीट बसावी म्हणून अंगठ्याने दाबली, तर अंगठ्याखाली नेमका लाल चौकोन. लाल चौकोन म्हणजे रद्द. हे त्सुमश्टाइनबाईंना माझ्या आधी कळलं, कारण चादरींची टोपली कमरेवर घेऊन त्या तळघरात उतरल्या तेव्हा सगळ्या इमारतीच्या एकुलत्या धुलाईयंत्रात दुसऱ्या मजल्यावरच्यांचे मोजे गरगरत होते.

झुरिकमध्ये कुणाचं लग्न मोडलं तर शेजारी हळहळतात. धुवायचा वार मोडला तर सभा बोलावतात. आमच्या गृहसंस्थेनेही बोलावली. विषय एकच: पडदा ठेवायचा की काढायचा.

तो पडदा केला होता तळमजल्यावरच्या उर्सिना काफ्लिशबाईंनी. निवृत्त झाल्यावर, हौसेने, फुकट. पांढरंशुभ्र पान आणि त्यावर तीन आकार: निळा गोल, पिवळा त्रिकोण, लाल चौकोन. निळ्याने वार घ्यायचा, पिवळ्याने कपडे वाळवायचं यंत्र, लालने रद्द. शब्द एकही नाही. कुठल्या आकाराला कुठला रंग शोभतो हे शंभर वर्षांपूर्वी जर्मनीतल्या चित्रकारांनी ठरवून ठेवलं होतं, आणि बाईंच्या मते त्यानंतर त्या बाबतीत चर्चेसारखं काही उरलं नव्हतं.

बाई मूळच्या डोंगरातल्या. तिथून कलाशाळेत शिकायला झुरिकला आल्या. त्यांचे गुरुजी जन्मभर चौकोन रंगवत आले होते. वर्गात ते एकच सांगायचे, "जे नसलं तरी चालतं, ते असू नये." पहिलं वर्षभर उर्सिनाने रंगीत कागदांचे तुकडे पांढऱ्या कागदावर नुसते सरकवले. वर्षाच्या शेवटी तिला दिसलं की पांढरी जागा रिकामी नसते. सगळा भार तीच उचलते. मग कचेऱ्यांत संगणक आले. एका बँकेने पडदे आखायला तिला कामावर घेतलं, तेव्हा तिला वाटलं, गुरुजींनी भिंतीवर टांगलं ते आता लोकांच्या बोटांखाली येणार.

आलं काय, तर साहेब.

"फ्राउ काफ्लिश, ही इथली जागा रिकामी राहिलीय."

"रिकामी नाही, पांढरी आहे."

"तेच ते. तिथे डुकराची बचतपेटी टाका. हसरी."

डुक्कर आलं. पुढे फॅशन आली ती खऱ्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूंची. पडद्यावर चामड्याची वही, वहीला शिवण, बटणांवर काचेची चकाकी. उर्सिनाने दात आवळून शिवणीचा टाका न् टाका काढला. आणि मग एके दिवशी एका कोवळ्या साहेबाने तिला समोर बसवून समजावलं की आता एक अगदी नवी कल्पना आली आहे: सपाट रंग, साधे आकार, भरपूर मोकळी जागा. "जरा जड जाईल तुम्हाला, पण सवय होईल," तो म्हणाला. उर्सिनाने कॉफी संपवली, कप विसळला, जागेवर ठेवला. त्या दिवशी बँकेतली ती एकमेव शांत व्यक्ती होती, असं सांगतात. मला खरं वाटत नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. गुरुजींचे चौकोन आजही संग्रहालयात टांगलेले आहेत. रविवारी लोक मान तिरकी करून बघतात. बँकेत केलेला उर्सिनाचा एकही पडदा जगात कुठे शिल्लक नाही. नवा आला की जुना पुसला, की संपलं. तळघरात, साबणाच्या वासात, जे तीन आकार लागले होते तेच काय ते तिच्या आयुष्यभराच्या कामातलं उरलेलं.

आणि त्यांच्याभोवती चिठ्ठ्या जमायला लागल्या. आमच्या इमारतीत कुणी कुणावर तोंडाने चिडत नाही, चिठ्ठी लावतं. 'यंत्राच्या गाळणीतली लव काढा, कृपया!' 'रविवारी यंत्र लावू नये, कृपया!!' जितका राग, तितकी उद्गारचिन्हं. त्याच सवयीने लोक पडद्याच्या कडेला बाण, खुणा, सूचना डकवू लागले. बाई रोज उतरून त्या सोलून काढत. थेट पडद्यावर हात घातला तो मीच.

सभेला काफ्लिशबाईंनी अक्रोडाचा केक आणला. भांडण असलं तरी रिकाम्या हाताने यायचं नाही, हा इथला रिवाज. अध्यक्ष श्टुकी, पूर्वी ट्राम चालवायचे. त्यांनी घंटा वाजवल्यासारखा चमचा कपावर आपटला.

"सासूबाई गेल्या त्या आठवड्यातसुद्धा माझा वार चुकला नव्हता," त्सुमश्टाइनबाई म्हणाल्या. "आणि आता? एका चौकोनापायी!"

"आधी कागद होता, दोरीला पेन्सिल होती. काय वाईट होतं?" श्टुकी म्हणाले.

"पेन्सिल कायम बोथट होती," उर्सिना म्हणाली.

"बोथट असेल. पण तिने माझ्या चादरी नाही अडवल्या."

"लाल म्हणजे थांबा. डोळ्यांना आपोआप कळतं, फ्राउ त्सुमश्टाइन. लहान मुलांना कळतं."

"मग हेर गुप्तेंना कसं नाही कळलं?"

हेर म्हणजे इथलं श्रीयुत, आणि गुप्ते म्हणजे मी. सगळे माझ्याकडे वळले. मी केककडे वळलो.

"चूक माझी," मी म्हणालो. "पडद्याची नाही."

"तुमची तर आहेच हो! तुमच्याबद्दल वादच नाही," त्सुमश्टाइनबाई म्हणाल्या. "पण शिकल्यासवरल्या माणसाला तिथे चिठ्ठी लावावीशी वाटली, ती का?"

साहेबांची चार पिढ्यांची डुकरं आणि चामडी वह्या उर्सिनाने तोंडावर झेलल्या होत्या. साहेबांना दिखावा हवा होता. या बाईला दिखावा नको होता, चादरी धुवायच्या होत्या. उर्सिना केकचे तुकडे बशीत एका रेषेत लावत बसली.

श्टुकींनी तोडगा काढला: प्रत्येक आकाराखाली शब्द लिहा, नाहीतर कागद परत लावू.



"लिहीन," उर्सिना म्हणाली. दाताच्या डॉक्टरला 'उपटा' म्हणावं तशी. "पण चित्र नाही."

"एखादा हसरा साबण तरी?" त्सुमश्टाइनबाईंनी विचारलं.

"नाही!"

हात वर झाले. सगळ्यात शेवटी उर्सिनाचा.

तीन शब्दांना तिने आठवडेच्या आठवडे घेतले. अखेर ते लागले: बारीक, काळे, प्रत्येक शब्द आपल्या आकाराखाली, त्याच्या डाव्या कडेशी एका रेषेत उभा. त्सुमश्टाइनबाईंनी निळा गोल दाबला, वार मिळाला, आणि त्या म्हणाल्या, "आता कसं, माणसांसाठी केल्यासारखं वाटतंय!" उर्सिनाच्या गालावरची एक शीर हलली, एवढंच. त्यानंतर पडद्याभोवती एकही चिठ्ठी लागली नाही.

मी कपडे घेऊन उतरलो तेव्हा काफ्लिशबाई एकट्याच होत्या. माझ्या चिठ्ठीचा चिकटा काचेवर राहिला होता, तो ओल्या फडक्याने आणि नखाने खरवडत होत्या.

"फ्राउ काफ्लिश," मी म्हणालो, "पडदा राहिला, लोकांनाही कळायला लागला. आता तरी समाधान?"

त्यांनी मान वर केली नाही.

"तुमची चिठ्ठी तिरकी होती."