मशीनच्या नळावरचं गाळणं

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या पोरांना शिकवते. सोळा वर्षं झाली. फॉल्ट सापडत नाही म्हणजे करणी झाली असं नसतं, मीटर चुकीच्या जागी लावलेला असतो... हे मी वर्गात इतक्या वेळा बोलले आहे की पोरं माझी नक्कल करतात. तुमच्या या सदरातले वाचकांचे अद्भुत अनुभव आजवर चहाबरोबर वाचले आणि खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यांना हसले. आता तुम्ही मला हसा. माझी हरकत नाही.

आधी घरचं सांगते. मी साताऱ्याची. वडील मिलिटरीच्या वर्कशॉपमध्ये होते, पाना-पकड त्यांनीच हातात दिली. लग्न अजितशी, स्वतःच्या पसंतीनं. अजितचं घर जैन, तासगावजवळ द्राक्षबाग. तिथं थोरले दीर आणि जाऊ पद्माताई राहतात, आम्ही सांगलीत विश्रामबागला, पहिल्या मजल्यावर. सासूबाईंना सगळे आक्का म्हणायचे. त्या कायम तासगावलाच.

आक्कांचा नेम कडक. दुपदरी पांढऱ्या कापडातून गाळल्याशिवाय पाणी तोंडात घ्यायच्या नाहीत. तासगावच्या घरात प्रत्येक नळाला त्यांनी स्वतःच्या हातानं गाळणं बांधलेलं. पद्माताईंच्या जुन्या, वरून पाणी सोडायच्या वॉशिंग मशीनच्या नळालासुद्धा. मी हसले होते, तेव्हा पद्माताई कौतुकानं म्हणाल्या होत्या, "आक्का दर आठ दिवसाला बदलत्यात बघ. म्हणत्यात, कपड्याच्या पाण्यातबी जीव असतोय." आक्कांच्या उजव्या अंगठ्याचं पेर कडबाकुट्टीत गेलेलं, म्हणून गाठ डाव्या हातानं मारायच्या. फास उलटा पडायचा. ती गाठ मी शंभरात ओळखेन.

माझ्या घरी पंधरा वर्षांत त्यांनी एकाही नळाला गाळणं बांधलं नाही. वर्षातून दोनदा यायच्या, पाण्याची बाटली तासगावहून आणायच्या, दिवस मावळायच्या आत परत. वाईट कधी बोलल्या नाहीत. पण ज्या घरात राहायचंय तिथलाच नळ माणूस बांधतो ना. मी जळायचे, स्पष्टच सांगते. पद्माताईंच्या नळांवर जळायचे. दीड वर्षापूर्वी आक्का गेल्या, तेव्हा त्यांच्या पातळांच्या पद्माताईंनी वाकळा शिवल्या. मला एक चिंधी आली नाही. मी मागितली नाही, आणि त्यांना सुचलं नाही.

तर मशीन. टॉप लोड, सहा वर्षांची, स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत. एका रविवारी सकाळी ती पाणी घेईना. दहा-पंधरा मिनिटं गुणगुणायची, मग तीन बीप आणि पाण्याचा एरर. मेकॅनिकला बोलावणं म्हणजे माझी बेअब्रू, म्हणून मीच बसले. शेजारच्या नळाखाली बादली लावली, मिनिटभरात भरली. म्हणजे प्रेशर आहे. पाइपच्या मशीनकडच्या टोकाची जाळी काढली... स्वच्छ. इनलेट व्हॉल्व्हच्या कॉइलला मीटर लावला... ठीक. लेव्हल सेन्सरची नळी फुंकून पाहिली... ठीक. दोन तास गेले आणि मग माझ्या लक्षात आलं की मी शेजारचा नळ तपासलाय, मशीनचा नाही. पोरांनी हे केलं असतं तर मी वर्गाबाहेर काढलं असतं.

मशीनचा पाइप नळाला आवळून धरणारी कपलिंग सोडवली. आत, नळाच्या तोंडावर, पांढरं दुपदरी कापड ताणून बांधलेलं होतं. वर दोरा. दोऱ्याला उलटा फास.

मी नळ सोडून पाहिला. पाणी कापडातून पाझरून माझ्या पायावर पडत होतं, आणि नळ बंद करायचं मला सुचेना.

पहिला संशय अजितवर. तो आधी हसला, मग त्यानं गाठीवरून बोट फिरवलं. म्हणाला, "तुला वाटतंय तसलं आमच्यात नसतंय गं. जीव गेला की लगेच दुसरा जन्म. आक्का आता कुठंतरी रांगत असंल." विषय तिथंच संपवला त्यानं.

मी कापड काढलं, मशीन चालू झाली. पण मी फॉल्ट शोधणारी बाई, असं सोडणार नव्हते. कपलिंग आवळून तिच्यावरून नळापर्यंत लाल नेलपेंटची रेघ ओढली. वर्कशॉपमध्ये अशी खूण करतात. कुणी कपलिंग जरा जरी फिरवली तर रेघ तुटते, लपवता येत नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं साताऱ्याला माझ्या आईकडं गेलो. घराला कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये. रविवारी दुपारी परत आलो, मशीन लावली. तीन बीप.

रेघ अखंड होती. मी चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च मारून पाहिली, फोटो काढून मोठा करून पाहिला. एक तडा नाही. पाना लावल्यावर माझ्या डोळ्यांसमोर नेलपेंटचा टवका उडाला आणि आत नवीन, कोरडं वाटावं इतकं पांढरं कापड. गाठ तीच.

आता खरं सांगते, मला भीती वाटलीच नाही. मला आनंद झाला, आणि तो काही चांगला आनंद नव्हता. पहिला विचार आला तो हा, की पद्माताईंना दाखवायचं.

फोन केला तर त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हजर. मी दोन्ही गाळणी ओट्यावर मांडून ठेवली होती. त्यांनी गाठ बोटानं चाचपली, फास ओढून पाहिला, मग म्हणाल्या, "ही मी न्हाई मारलेली."

"मी तसं कुठं म्हणाले, ताई?"

"म्हणाली न्हाईस, पण तुझ्या मनात हाय." त्या स्टुलावर टेकल्या. "आक्का गेल्यापास्नं मी रोज बांधती बघ. लय करून बघितलं, डाव्या हातानंबी बघितलं. दुसऱ्या दिवशी सुटलेलंच असतंय. वीस वर्षं मी त्यांचं केलं. शेवटचे तीन महिने उशा-पायथ्याला मी होते. आणि आल्या त्या तुझ्याकडं?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मला चांगला ओळखीचा होता. पंधरा वर्षं तासगावहून परत येताना एसटीच्या काचेत मी तोच बघत आले होते. तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "वैशाली, तुझ्याकडं दोन हायत. एक मला दे."

मी दिलं नाही.

म्हणाले, एक मला ठेवायचंय आणि दुसरं अजितला हवंय. अजितनं काही मागितलं नव्हतं. पद्माताईंनी मान डोलावली, चहा अर्धाच घेतला आणि बाराच्या गाडीनं गेल्या. मी त्यांना स्टँडवर सोडायलासुद्धा गेले नाही.

त्या दिवसानंतर मशीन एकदाही अडली नाही. मी दर रविवारी कपलिंग उघडून बघायचे. मोकळा नळ. मग मीच त्या दोनातलं एक बांधून ठेवलं, पण ते पहिल्याच पाण्याला निसटलं. माझी गाठ, सुटणारच. दुसरं कपाटात साड्यांखाली आहे. या गोष्टीला पाच महिने होत आले.

आणि गेल्या मंगळवारी मी वर्गातून बाहेर पडत होते तेव्हा पद्माताईंचा फोन आला. एवढ्या दिवसांत पहिलाच. "वैशाली, नवी ऑटोमॅटिक घेतली दिवाळीला, ती पाणीच घेईना. तीनदा वाजती नि बंद पडती. कंपनीचा माणूस शुक्रवारशिवाय येत न्हाई. तूच सांग काय बघायचं."

मी विचारलं, "मशीनच्या नळाला तुम्ही काही बांधलंय का?"

"न्हाई गं. ह्याला हातच घालता येत न्हाई. फिटिंगवाल्यानं पान्यानं आवळलंय, त्या दिवसापास्नं कुणी हात लावला न्हाई."

मला फॉल्ट कळला होता. मीटर लागला नाही, काही उघडावं लागलं नाही. आणि तरी माझ्या तोंडात आलं होतं की व्हॉल्व्ह गेला असेल ताई, शुक्रवारपर्यंत थांबा, त्याला बदलू द्या. मेकॅनिक उघडेल, कापड कचऱ्यात टाकेल, त्यांना कधी कळणारही नाही... असं वाक्य पूर्ण तयार होतं. पोरं शेजारून नमस्कार मॅडम म्हणत जात होती. पद्माताईंनी दोनदा हॅलो केलं.

शेवटी म्हणाले, "ताई, दीरांना पाना आणायला सांगा. नळावरची कपलिंग खोला. खाली बादली ठेवा."

फोन त्यांनी चालूच ठेवला. पान्याचा आवाज आला, दीर काहीतरी पुटपुटले, मग बादलीत पाणी पडायला लागलं. धार नव्हती, ठिबकत होतं. नंतर पद्माताईंचा रडण्याचा आवाज आला, आणि रडता रडता त्या दिरांना सांगत होत्या, "सोडू नगा, आवं, गाठ सोडू नगा."

याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. रेघ अखंड असताना कापड आत कसं गेलं, हे मला आजही सांगता येत नाही, आणि वर्गात आता मी ते करणीचं वाक्य म्हणत नाही. एवढं मात्र पक्कं माहीत आहे, की कॉरिडॉरमध्ये फोन कानाला धरून मी ते ठिबकणं ऐकत उभी होते, आणि पहिल्यासारखीच जळत होते.