डी ओळीतली बारा घरं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी गॅसचा नवा सिलिंडर कधी लावला तेही तारखेनिशी सांगतो.

नाशिकच्या एका कॉलेजात मी प्रयोगशाळेचा तंत्रज्ञ आहे. नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे डीएनएची पेटी बनवायचं काम आलं. डोळ्याला कधीच न दिसणारी पेटी. एक लांब धागा आणि त्याला चिमट्यासारखे धरून ठेवणारे दोनशेच्या आसपास छोटे तुकडे. गरम करून सावकाश गार केलं की धागा आपणहून दुमडतो. तुकडे येतात शहाण्णव घरांच्या प्लेटांमध्ये — ए ते एच अशा आठ ओळी, ओळीत बारा घरं. एकाने घराचं नाव मोठ्याने वाचायचं आणि वहीत खूण करायची, दुसऱ्याने त्यातला थेंब उचलून एकाच नळीत मिसळायचा.

वाचणारा मी. उचलणारी नसीमा — पीएचडी करणारी, मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी.

दुसऱ्या प्लेटची सी ओळ संपली आणि माझा फोन वाजला. परत येऊन मी ई वाचू लागलो. शेवटी वहीत बारा चौकोन कोरे दिसले. मला काय वाटलं? खूण राहिली असेल, तुकडे कसे राहतील — माझ्याकडून? मी बारा खुणा करून टाकल्या.

त्या मिश्रणातून तीनदा पेटी केली. तिन्ही वेळा एक बाजू उघडीच. नसीमा म्हणाली, "सर, हात हलला असता तर भोकं कुठंही पडली असती. हे मागावर अख्खी पट्टी सुटावी तसं दिसतंय. ओळच राहिलीय."

"वही बघ," मी म्हणालो. तिने बघितली. डी ओळीच्या बारा खुणा मोजल्या आणि वही मिटली. माझ्या वहीवर कोण शंका घेणार?

दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी मी फ्रीजरमधली प्लेट काढून उजेडात धरली. डी ओळीतली बारा घरं शेजारच्या घरांपेक्षा जास्त भरलेली होती. आणि मी — सांगतोच — ती प्लेट कचऱ्यात टाकली.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी नसीमाचा हात कच्चा ठरवला, तिला कामावरून काढलं. नव्या प्लेटा आल्या, पेटी मिटली. शोधनिबंधात माझ्या काटेकोर नोंदींचे खास आभार मानले गेले.

जाताना ती प्रयोगशाळेची चावी द्यायला आली. म्हणाली, "सर, तुम्ही तर शेजारीच होतात. खरंच माझा हात चुकला का?"

मी चावी घेतली. म्हणालो, "चुकला असेल."