उन्हात वाळत घातलेला बोर्ड

किनाऱ्यावर तिला सगळे ‘फुगेवाल्या ताई’ म्हणतात, तोंडावर म्हणायची हिंमत मात्र कोणी करत नाही. शिकाऊ लोकांच्या मऊ सर्फबोर्डांवर उन्हाने आलेले फुगे दाबून सपाट करणे हे तिचे काम. फुगे पुरवतो तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो सर्फिंग शिकवतो आणि सगळे बोर्ड दिवसभर बाहेरच्या भिंतीला उभे करून ठेवतो.

“रस्त्यावरून दिसले नाहीत तर येणार कोण, ताई?”

“ये, तुलाच उभा करते भिंतीला. संध्याकाळपर्यंत किती फुगतोस बघू.”

हे भांडण पत्र्याच्या शेडमध्ये इतक्यांदा झाले आहे, की भावजय दोघांचीही वाक्ये नकलेसकट म्हणून दाखवते.

ताई पूर्वी गाद्या आणि सोफे शिवायची. बोर्डाची रचना तिला त्यामुळे परकी वाटली नाही. आत कडक, हलका फोम. वर पायाला मऊ लागणारा थर. दोघांना धरून ठेवणारा गोंद. बोर्ड तापला की गोंद सुटतो, आतली हवा पसरते आणि वरचा थर उचलला जातो. बंद गाडीत हे आणखी लवकर होते. बोर्ड सावलीत ठेवा, सावली नसेल तर पालथा घालून वर ओला, फिकट टॉवेल टाका, एवढेच ती सांगते. भावाच्या बाबतीत हे पालथ्या घड्यावर पाणी.

त्या दिवशी मेजावर सर्वांत रुंद बोर्ड होता. घाबरणाऱ्या माणसाला पहिल्यांदा तोच देतात, कारण तो सहजी उलटत नाही. नुकताच एका बसचालक बाईंचा पाय त्याच्या फुग्यावरून सरकला होता आणि त्यांची हनुवटी फुटली होती. पुन्हा असे होऊ द्यायचे नाही, असे ताईने ठरवले होते.

तिने बोर्ड आधी थंड होऊ दिला. फुग्याच्या कडेला सुईने भोक पाडले, तळहाताने हवा दाबून काढली, सिरिंजने फोम न खाणारा गोंद आत सोडला. वर प्लॅस्टिक, फळी आणि वाळूच्या पिशव्या ठेवल्या.

“उद्यापर्यंत हात लावायचा नाही,” ती भावाला म्हणाली. “परत तापला तर संपला.”

“नाही लावत.”

“अगं, ऐकलंस ना? तू साक्षीदार.”

“मला नका ओढू,” भावजय म्हणाली. “मला याच घरात राहायचंय.”

ताई जेवून आली तेव्हा मेज रिकामे होते. बोर्ड अंगणात, भर उन्हात; वर फळी, वर पिशव्या, सगळे नीट रचलेले.

“दुपारी तुकडी आहे,” भाऊ म्हणाला. “म्हटलं उन्हात गोंद लवकर वाळेल. तुझ्या पिशव्यासुद्धा होत्या तशाच ठेवल्यात बघ.”

ताईने पिशव्या एकेक करून भिरकावल्या. फळीच्या दोन्ही बाजूंनी वरचा थर टरारून फुगला होता. बोर्डाचे टोक जुन्या चपलेसारखे वर वळले होते.

“आजच्या दिवस चालेल की.”

“चालेल? हनुवटी तुझी नव्हती म्हणून चालेल!”

ती शेडमध्ये गेली आणि करवत घेऊन आली. भाऊ “ताई, ताई” म्हणेपर्यंत करवत मधोमध उतरली होती. पांढरा भुसा तिच्या केसांवर, भावाच्या पायांवर उडाला.

“घे,” टोकाकडचा अर्धा भाग त्याच्या अंगावर ढकलत ती म्हणाली. “हा लाव भिंतीला. आता खुशाल तापू दे.”

त्या दुपारी एक बोर्ड कमी पडला आणि तुकडीतल्या एकाला किनाऱ्यावर बसून राहावे लागले. भाऊ ते तिला अजून ऐकवतो.

अर्धा बोर्ड भिंतीवर स्क्रूने बसवला आहे. बाकीचे सगळे बोर्ड आता शेडच्या सावलीत पालथे असतात. येणारे-जाणारे थांबून भिंतीचे फोटो काढतात आणि भाऊ त्यांना सांगतो, “कल्पना माझीच.”

शेडच्या दारात, त्याच्या डोळ्यांसमोर येईल अशा खिळ्याला करवत टांगलेली आहे. ताई ती आत ठेवायला तयार नाही.