लोखंडाला मारलेली मिठी

बाबा गिऱ्हाइकांना नावाने हाक मारत नाहीत. कंबरवाले, गुडघेवाल्या काकू, डावा खांदा, अशाच त्यांच्या हाका. एकदा बँकेचे मोठे साहेब दाराशी येऊन उभे राहिले, तर बाबा आतून ओरडले, "टाच आली वाटतं. बसव तिला." साहेब निमूट बसले. बाबांचा अंगठा एकदा पाठीत रुतवून घेतलेला माणूस पुन्हा मानपानाचं बोलत नाही.

बाबा जन्मापासून आंधळे. मालिश हा त्यांचा उभ्या आयुष्याचा धंदा. लोकांची अंगं मळून मळून त्यांचे हात असे झालेत की मनगट माझ्या दोन्ही हातांच्या पकडीत मावत नाही. बाहेरच्या खोलीत मी असते. फोन घेते, वेळा देते, टॉवेल धुते, तेल कोमट करते. आतल्या खोलीत एक उंच टेबल, त्याला पालथं झोपल्यावर तोंड घालायला गोल भोक, कोपऱ्यात बेसिन. मधे पडदा. आणि पडद्यालगत टॉवेलवाला उभा. त्याच्याबद्दल सांगतेच.

आई होती तेव्हा रोज संध्याकाळी जुन्या महाकाव्यांची जाडजूड पुस्तकं बाबांना मोठ्याने वाचून दाखवायची. आई गेली, पुस्तकं बाबांच्या डोक्यात राहिली, आणि तिथून ती गिऱ्हाइकांच्या अंगावर उतरली. ज्याचं जे दुखतं त्याला त्याची गोष्ट. पाठ दाबताना कोणी कण्हलं की बाबा म्हणणार, "तो म्हातारा बाणांच्या टोकांवर झोपून नातवाला राज्य कसं करावं ते शिकवत होता, आणि तुम्हाला फोमची गादी टोचते?" अंगठा लचकला असेल तर गुरूला अंगठा कापून देणाऱ्या पोराची गोष्ट, वर "गुरू कसला, दरोडेखोर" हा स्वतःचा शेरा. मांडी धरली असेल तर गदेचा घाव. तळपायाला पारध्याचा बाण. गोष्टीतल्या माणसांचीही बाबा नावं घेत नाहीत. थोरला भाऊ, मामा, सून, आंधळा राजा, असंच. त्यांचं म्हणणं, भांडण नात्यांचं होतं, नावं कशाला हवीत?

आंधळ्या राजाची एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकांसाठी नव्हती. ती घरातली होती, दादाची. युद्ध संपलेलं, राजाचे शंभरच्या शंभर पोरगे मेलेले, आणि जिंकलेले पुतणे पाया पडायला आलेले. राजा गोड आवाजात म्हणतो, ये बाळा, माझ्या पोरांना मारणारा तो दांडगा पुतण्या कुठे आहे, त्याला मिठी मारू दे. पुतण्या पुढे होणार तेवढ्यात एक शहाणा माणूस त्याला मागे ओढतो आणि राजाच्या हातांत त्या पुतण्याच्याच मापाचा लोखंडी पुतळा देतो. आंधळा राजा मिठी मारतो आणि पुतळ्याचा चुरा होतो. मग राजा ढसाढसा रडतो. त्याला वाटतं, आपण पुतण्याला मारलं.

"आणि राणी?" दादा दरवेळी विचारायचा. उत्तर पाठ होतं तरी.

"राणीने डोळ्यांवर पट्टी बांधलेली. पट्टीखालच्या फटीतून तिची नजर थोरल्या पुतण्याच्या पायाच्या नखांवर पडली. नखं जळाली. तेवढ्याच फटीतून राग बाहेर यायला जागा होती."

दादा हसायचा आणि बाबांच्या दंडाला लोंबकळायचा. "बाबा, तुम्ही मोडाल का हो लोखंड?"

पुढे दादा पत्र्याचे सुटे भाग ठोकणाऱ्या कारखान्यात लागला. दिवसभर दणदण, आणि घरीही हात स्वस्थ नाहीत, म्हणून बाबा त्याला ठोक्या म्हणायचे. पहिल्याच महिन्यात त्याने भंगारातल्या सळया आणि पट्ट्या जोडून एक लोखंडी माणूस बनवून आणला. माझ्या उंचीचा. बरगड्या पट्ट्यांच्या, डोकं म्हणजे जुनं दातेरी चाक, हात पुढे पसरलेले, खाली जड चौकोनी बूड. "बाबा, राग आला की ह्याला मिठी मारा," म्हणाला. बाबांनी त्याला नखशिखान्त चाचपला, बोल्टचं नाक पिरगाळलं आणि जाहीर केलं, "माणूस बरा आहे. खांदे आखडलेत." त्याच्या हातांवर मी टॉवेल टाकायला लागले आणि तो टॉवेलवाला झाला.

दादा पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये सापडून गेला. मशीनला पुढे जाळी असते, ती लावल्याशिवाय मशीन चालू नये अशी सोय असते. त्या दिवशी जाळी नव्हती. चौकशी झाली तेव्हा आम्ही दोघं भिंतीशी बसलो होतो. दादाचा सुपरवायझर उभा राहिला आणि कागदावर नजर ठेवून म्हणाला, "त्याने स्वतःच काढली जाळी. फुशारकी मारायची सवय होती त्याला." आमच्याकडे त्याने मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. दादाचीच चूक ठरली. एवढ्यावर भागलं असतं तर मी दातओठ खात का होईना, जगले असते. पण त्या कारखान्यात नवीन पोरं आली की त्यांना आजही माझ्या भावाचं नाव घेऊन सांगतात, त्याच्यासारखा दीडशहाणपणा करू नका. माझा मेलेला भाऊ त्यांनी मूर्ख म्हणून तिथे टांगून ठेवलाय. त्या सुपरवायझरवर मी डूख धरून होते. मला त्याचं वाटोळं झालेलं हवं होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत हवं होतं.

आणि तो स्वतःच्या पायांनी आला. मान एका बाजूला वाकडी, चेहरा वेदनेने पिळवटलेला, हातात कोणीतरी दिलेला आमचा पत्ता. त्याने मला ओळखलं नाही. ओळखणार कसा, त्या दिवशी कागदच तेवढा पाहिला होता. "फार नाव ऐकलंय तुमचं," म्हणाला. "रात्र रात्र झोप नाही हो."

माझ्या तोंडावर आलं होतं, मला तरी कुठे आहे. पण मी म्हणाले, "दुपारी या. तेव्हा गर्दी नसते."

तो दुपारी आला. बाकावर कोणी नव्हतं. मी दाराला आतून कडी घातली. बाबांना मी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागणार नाही हे मला ठाऊक होतं. आंधळा माणूस आवाज विसरत नाही.

"नमस्कार," तो आत जाऊन म्हणाला. "मान धरलीये."

बाबा तेलाच्या वाटीत हात बुडवत होते. हात वाटीतच राहिला. मग सावकाश बाहेर आला. "झोपा पालथे," बाबा म्हणाले. "भोकात तोंड घाला. आता बोलू नका, मानेला त्रास होतो."

मी टॉवेल घड्या घालायच्या निमित्ताने पडद्याशी उभी राहिले. पडदा अर्धा सरकवलेला होता. बाबांनी त्याची डावी बाजू घेतली आणि ती इतकी सुरेख सोडवली की माझा जळफळाट झाला. तो सुखाने उसासे टाकत होता. आणि बाबा गोष्ट सांगायला लागले. आंधळ्या राजाची. आजवर एकाही गिऱ्हाइकाला न सांगितलेली. "ये बाळा, म्हणाला राजा, किती गोड आवाजात म्हणाला असेल." बाबांचे दोन्ही अंगठे आता त्याच्या मानेच्या खळगीत होते.

"मग?" टेबलाखालून आवाज आला.

"मग काय. तुमच्या कारखान्यात प्रेसखाली गेलेल्या पोराचा मी बाप."

त्याची पाठ दगडासारखी झाली. त्याने उठायचा प्रयत्न केला. बाबांनी जोर लावला नाही, नुसते हात तिथेच ठेवले, आणि तो पुन्हा खाली गेला.

"घाई नाही," बाबा म्हणाले. "मला आज दुसरं गिऱ्हाईक नाही. जाळी कोणी काढली?"

मग तो फरशीकडे तोंड करून बोलायला लागला. माल वेळेत द्यायचा होता. जाळी लावली की काम हळू होतं. त्याने सगळ्याच मशीनच्या जाळ्या काढायला लावल्या होत्या. दादा नाही म्हणाला होता. दोनदा नाही म्हणाला होता. तेव्हा ह्याने स्वतः पाना आणून दादाच्या मशीनची जाळी काढली आणि म्हणाला, जमत नसेल तर घरी बस.

मी टॉवेल इतका पिळला होता की माझे हात दुखायला लागले. बाबांनी अंगठे उचलले.

तो उठून बसला. रडत होता, नाक वाहत होतं, मान अर्धी सरळ अर्धी वाकडी. "बाबा, मी पापी आहे. मलाही मुलं आहेत. माफ करा मला," असं म्हणत टेबलावरून उतरला आणि लहान पोरासारखे हात पसरून पुढे आला. ज्यांचं आपण वाटोळं केलं त्यांच्याच गळ्यात पडून हलकं व्हायचं, ही अशा लोकांची रीतच असते.

बाबांनीही हात पसरले. "ये बाळा," म्हणाले.

तो आवाज मी ओळखला. बाबा इतकं गोड माझ्याशीसुद्धा कधी बोललेले नाहीत.

खरं सांगू? मी लगेच हलले नाही. येऊ दे, म्हटलं. मला त्याच्या बरगड्यांचा आवाज ऐकायचा होता. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीसाठी मनातल्या मनात जळत होते ती आता हातभर अंतरावर होती. मग माझी नजर बाबांच्या पंज्यांवर गेली. तेलाने चमकणारे, उघडे. ह्याच हातांनी मला आंघोळ घातली, माझ्या वेण्या घातल्या, दादाचं कपाळ शेवटचं चाचपलं. ह्या हातांत बेड्या? ह्या भिकारड्या माणसापायी?

मी टॉवेलवाल्याला धरला आणि सगळ्या ताकदीने मधे ढकलला.

बाबांची मिठी बसली. सळया कुरकुरल्या, मग एक जोड कडाडून तुटला, मग दुसरा. पट्ट्यांच्या बरगड्या आत दबल्या. बाबांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो दादा गेला तेव्हाही निघाला नव्हता. लोखंडी हात निखळून खाली पडला. बूड एका बाजूला कललं आणि त्या मानेवाल्याच्या अनवाणी पायावर आपटलं. तो किंचाळला.

बाबांचे हात तेव्हा कुठे सैल झाले. बोटं चाचपडत वर गेली. दातेरी चाक. बोल्टचं नाक.

"ठोक्या," बाबा म्हणाले. आणि जमिनीवर बसले. "पोरी, मी त्याला मोडला गं."

गोष्टीतल्या राजाला निदान सांगता आलं, रडू नकोस, ते नुसतं लोखंड होतं. आमच्या घरात दादाच्या हातचं दुसरं काहीच नव्हतं.

मग मी त्या माणसाकडे वळले. तो पाय धरून भिंतीला चिकटला होता आणि आत दबलेल्या त्या बरगड्यांकडे पाहत होता. "नीट बघून घ्या," मी म्हणाले. "हे तुमच्यासाठी होतं. मी तुम्हाला वाचवलेलं नाही, माझ्या बापाला वाचवलंय. आता पाळी बदलते तेव्हा कारखान्याच्या फाटकाशी उभं राहायचं आणि इथे बोललात ते सगळ्यांसमोर बोलायचं. आम्ही ऐकायला येणार आहोत."

तो बोलला. लंगडत आला, अंगठ्याला ही मोठी पट्टी, आणि जाणाऱ्या येणाऱ्या सगळ्या कामगारांसमोर बोलला. दादा नाही म्हणाला होता, दोनदा, हेही बोलला. एका म्हाताऱ्या कामगाराने डोक्यावरची टोपी काढली. बाबा माझा खांदा धरून उभे होते. परत येताना एवढंच म्हणाले, "नख गेलं असणार त्याचं. नवीन यायला वेळ लागतो." मला बरं वाटलं. पुरेसं वाटलं नाही, पण बरं वाटलं.

आता रोज दुपारी बाबा टॉवेलवाल्याला टेबलावर झोपवतात आणि बरगड्या सरळ करायला बघतात. मी म्हटलं, वेल्डरकडे देऊ. नको म्हणाले. सळई थोडी सरळ होते, हात काढला की पुन्हा वाकते. गिऱ्हाइकं विचारतात, ह्याला काय झालं? बाबा म्हणतात, "गळाभेट."

परवा फोन आला. मानेवाला. डावी बाजू मोकळी झालीये, उजवी तशीच आहे, मान आता एकाच बाजूला ओढते, जेवतानाही वळत नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. वेळ मिळेल का, म्हणून गयावया करत होता. मी फोनवर हात ठेवून बाबांना सांगितलं.

बाबा वाकलेली एक पट्टी अंगठ्याने रेटत होते. "येऊ दे की," म्हणाले. "फक्त त्याला सांग, टॉवेलवाला मोडलाय. आता मधे घालायला काही नाही."

मी शब्दन् शब्द तसाच सांगितला. पलीकडे फोन ठेवल्याचा आवाज आला.

"काय म्हणाला?" बाबांनी विचारलं.

"काही नाही."

"बरं. गुडघेवाल्या काकूंना आत पाठव."