पेन्सिलीने लिहिलेल्या तारखा

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहाड स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. उरलेला गठ्ठा पिशवीत कोंबला आणि तिच्या नौपाड्याच्या घरी निघाले... आज दीड महिना झाला. अन्यायाविरुद्ध बोलायला मला पत्रकांनी शिकवलं. हाती घेतलेलं काम तडीस न्यायला आत्याने. नोकरीभर तिने इमारतींच्या कामांचं नियोजन केलं आणि निवृत्त झाल्यावर मानपाड्याच्या कामगार वस्तीतली आमची अभ्यासिका बांधायला घेतली. पहिल्याच बैठकीत कुणी व्यायामशाळा मागितली, कुणी लग्नाचा हॉल. आत्याने फळ्यावर आधी काय बांधायचं नाही, ते लिहिलं. लोक हसले. ती म्हणाली, सगळंच बांधत बसलो तर मुलं जिन्यात अभ्यास करतील. तारखा ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहायची आणि प्रत्येक तारखेशेजारी, ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या ज्या माणसाने ती दिली, त्याचं नाव.

मी मात्र कुणालाच न विचारता उद्घाटनाची तारीख पत्रकावर छापून वस्तीभर वाटली. पाण्याचा टँकर न आल्याने स्लॅब उशिरा ओतला गेला होता. खालचे टेकू काढायला त्या तारखेनंतरही नऊ दिवस हवे होते. पाहुणे ठरले होते, मांडव सांगून झाला होता. अभ्यासिका समितीचे अध्यक्ष म्हणाले, कडेचे टेकू काढा, मधले पडद्यामागे झाकू. मी गप्प बसले... याची लाज अजून जात नाही. आत्याने दाराशी उभ्या असलेल्या दामूकाकांना, म्हणजे टेकू लावणाऱ्या सुताराला, खुर्ची दिली.

"दामूदादा, तुमची नात इथेच बसणार. काढता टेकू?"

"नाही बाई. कुणी सांगितलं तरी नाही."

"मग ही तारीख रद्द."

हा घोळ कुणाचा, असं अध्यक्षांनी विचारलं. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, नियोजन माझं, चूकही माझी. बाहेर आल्यावर मात्र मला सोडलं नाही. "अगं, तुझी भाषा फर्स्टक्लास आहे. पण तू छापलंस म्हणून स्लॅब सुकत नाही. चल, घरोघरी सांगून येऊ." भर उन्हात प्रत्येक दारात ती माझ्याशेजारी उभी राहिली. अभ्यासिका उशिरा उघडली, पण पहिल्या रांगेत दामूकाकांची नात बसली होती. अशा बाईची मी भाची, हे मी छाती काढून सांगते.

आता वरच्या मजल्याचं काम निघालंय. पत्रक मीच लिहिलंय; मजकूर जहाल आहे, तारखेची जागा कोरी. आत्याच्या कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल मी सोडवून घेतलीय... आणि दामूकाकांकडे निघालेय.