रिकामं पान

ऑफिसात सगळे त्यांना ब्रेककाका म्हणत. नाव चेष्टेनं पडलेलं, पण काकांना ते मनातून आवडायचं. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिणं हे त्यांचं काम, आणि त्यातही त्यांचा कोपरा ठरलेला. मेमरीची चिप बिघडली, तिच्यातली माहिती दुरुस्तीपलीकडे गेली, की प्रोसेसर बोंब मारतो. मग कर्नलनं काय करायचं? सव्वीस वर्षं काकांचं उत्तर एकच होतं: जागच्या जागी थांबायचं. "बंद पडलेलं मशीन निदान खोटं तरी बोलत नाही," हे ते प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत.

शेजारच्या टेबलावरची इंजिनिअर त्यांच्या लेकीच्या वयाची. तिनं एकदा एक दुरुस्ती लिहून आणली. मेमरी पानापानांनी वाटलेली असते. बिघाड कुणीच वापरत नसलेल्या, रिकाम्या पानात निघाला तर तेवढं पान बाद करायचं आणि काम पुढे चालू ठेवायचं.

"करंगळी दुखली तर तुम्ही अख्खा हात तोडताय, काका."

"अगं, पान रिकामं आहे हे सांगणारी यादीसुद्धा त्याच मेमरीत. ती खरी कशावरून?"

"मग ती आधी तपासून घेऊ."

"बघू," काका म्हणाले. ते 'बघू' सहा महिने तसंच पडून राहिलं.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, अॅम्ब्युलन्स पाठवणाऱ्या कंट्रोल रूमचं, काकांच्याच कर्नलवर चालणारं मशीन थांबलं. अडीअडचणीला ठेवलेलं जोडीचं मशीन नेमकं दुरुस्तीला गेलेलं, आणि फोनही त्यातूनच जायचे. पुन्हा सुरू व्हायला चार मिनिटं लागली. मशीन थांबलं तेव्हा एक बाई पत्ता सांगत होती. नवऱ्याच्या छातीत कळा येत होत्या. पत्ता अर्धाच झाला आणि फोन तुटला. तिचा फोन परत लागून गाडी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मशीननं बंद पडताना लिहून ठेवलेली नोंद काकांच्या टेबलावर आली. त्यांनी बिघाडाची जागा पानांच्या यादीशी ताडून पाहिली. मग पुन्हा पाहिली. तिसऱ्यांदा कागदावर पेन्सिलीनं गणित मांडलं. पान रिकामं होतं. त्यात त्या बाईचा पत्ता नव्हता, कुणाचा फोन नव्हता, काहीच नव्हतं. यादीही धडधाकट होती. शेजारच्या टेबलावरून ती बघत होती. 'मी सांगितलं होतं,' असं ती म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

साहेब म्हणाले, "हार्डवेअर बिघडलं, त्यात तुमचा काय दोष? नियमाप्रमाणेच झालं सगळं."

"नियम माझाच होता, साहेब."

त्या रविवारी काका बाईंच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीशी चष्म्याचं घर ठेवलेलं. काकांनी आपण कोण ते सांगितलं, आणि काही न लपवता, जमेल तितक्या सोप्या शब्दांत सगळं सांगून टाकलं. बाई ऐकत राहिल्या.

"म्हणजे ते थांबलं नसतं तरी चाललं असतं?"

"हो."

"मग हे वाचले असते?"

"ते मला नाही सांगता येणार."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "फोन तुटला, तरी परत परत लावून मी तो कानाला धरूनच बसले होते. म्हटलं, यांना कळायला नको. त्यांना सांगत होते, गाडी निघालीय, आलीच बघा. शेवटपर्यंत त्यांचा माझ्यावर विश्वास होता हो."

काकांनी माफीचं वाक्य घोकून आणलं होतं, ते म्हटलंच नाही. बाईंनी त्यांना पाणी दिलं. पेला तसाच खाली ठेवून काका उठले.

सोमवारी त्यांनी शेजारच्या इंजिनिअरची ती दुरुस्ती ओळीनओळ तपासली, दोन चुका काढल्या, आणि आठवड्याभरात ती सगळ्या मशीनवर गेली. बिघाड कर्नलच्या स्वतःच्याच पानात असेल तर मात्र अजूनही थांबायचंच. तिथं दुसरा इलाज नाही, हे तिलाही मान्य होतं.

पुढच्या वर्षभरात तेरा ठिकाणी मेमरी बिघडली. अकरा मशीनं चालत राहिली, कुणाला पत्ताही लागला नाही. दोन थांबली. त्या दोन्ही ठिकाणी काकांनी स्वतः फोन लावला. मशीनचं त्यांनी काहीच विचारलं नाही. थांबलं त्या वेळी पलीकडे कोण होतं, एवढंच विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत डोळे मिटून बसून राहिले.